एकच आरोप, दोनदा

शाह ताहिर नावाच्या एका विद्वानाचा बिदरच्या दरबारात पाणउतारा झाला आणि त्याच्या पायी औसा, उदगीर आणि कंधार हे तीन किल्ले बरीदशाहीकडून निजामशाहीकडे गेले. १५४० च्या दशकातली ही हकीकत इतिहासकार फरिश्ता सांगतो. आम्हा देगलूरकरांना ती जवळची वाटते. आमच्या वायव्येला कंधार, पश्चिमेला उदगीर, दक्षिणेला बिदर. आमच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. ‘नक्को’ म्हणणारा दख्खनी माणूस आमचाच ‘नको’ म्हणत असतो. या भागातले किल्ले असे एका धर्मपंडिताच्या मानापमानावरून हात बदलत होते, आणि त्याच काळात अहमदनगरच्या राजवाड्यात एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव चांदबीबी.

शाळेच्या पुस्तकातली चांदबीबी आपल्याला ठाऊक असते. तट फुटला, ती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली, मोगल मागे फिरले. ते खरे आहे, पण ती एका रात्रीची गोष्ट आहे. तिच्या मागेपुढे वीस वर्षांचे राजकारण आहे, आणि ते धर्मपंथांच्या भांडणाने पोखरलेल्या दोन राज्यांत, अहमदनगर आणि विजापुरात, झालेले आहे. मला त्या वीस वर्षांबद्दल लिहायचे आहे.

आधी ते भांडण समजून घेतले पाहिजे. शाह ताहिर हा इराणातून आलेला शिया विद्वान. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरून तो परांड्याच्या किल्ल्यात आश्रयाला राहिला आणि तिथून अहमदनगरला गेला. त्याच्या प्रभावाने पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाने १५३७ साली शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. त्यावर शहरात दंगल झाली, किल्ल्यालाच लोकांनी घेरले. शेजारच्या विजापुरात तर हा पंथ राजागणिक बदलला. युसूफ आदिलखानाने शिया पंथ आणला, पहिल्या इब्राहीमने १५३४ मध्ये सुन्नी पंथ परत आणला, अली आदिलशाहाने १५५८ मध्ये गादीवर येताच पुन्हा शिया केला. शुक्रवारच्या खुतब्यात कोणाची नावे घ्यायची, बांगेत अलीचे नाव घालायचे की नाही, एवढ्यावरून हा बदल लोकांच्या कानी पडत असे.

पण प्रश्न नुसता बांगेचा नव्हता. दरबारात दोन मोठे तट होते. इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. त्यांत शिया पुष्कळ. इथेच मुरलेले ते दख्खनी, आणि त्यांच्या बरोबरीने आफ्रिकेतून आलेले हबशी. त्यांत सुन्नी पुष्कळ. पंथ बदलला की एका तटाच्या हजारो माणसांच्या नोकऱ्या, जहागिरी, पागा जात आणि दुसऱ्याच्या घरी दिवे लागत. म्हणून पंथाचा वाद सुटत नव्हता. त्यात पोट अडकलेले होते.

चांदबीबीचा जन्म साधारण १५५० चा. वडील हुसेन निजामशाह, आई खुंजा हुमायून. विजयनगरविरुद्ध सुलतानांची जूट करायची ठरली तेव्हा तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी लावून दिले आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला. ज्या सोलापूरसाठी दोन्ही घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले, तोच किल्ला. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली आणि त्याच वर्षी हुसेनशाह वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून राज्य खुंजा हुमायूनने चालवले. काही वर्षे चालवले. मग मोठ्या झालेल्या मुलानेच तिला पकडून कैदेत टाकले.

या आईची एक खूण पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र हस्तलिखित प्रत जपलेली आहे. तिच्या चित्रांत हुसेनशाहाशेजारी राणीही रंगवलेली होती. नंतर कुणीतरी त्यातली राणीची आकृती पुसून, रंग फासून घालवली. राजा तसाच राहिला. एका बाईने राज्य केले याचा राग चित्रापर्यंत पोहोचला होता. विजापुरात राहणाऱ्या मुलीला आईचे काय झाले हे नक्की कळले असणार. तरी पुढे वेळ आल्यावर ती मागे सरली नाही.

वेळ आली १५८० मध्ये. अली आदिलशाह आपल्याच महालात मारला गेला. त्याला मूल नव्हते. भाऊ तहमास्पचा मुलगा इब्राहीम नऊ वर्षांचा. त्याला गादीवर बसवले आणि त्याच्या सांभाळाची, शिक्षणाची जबाबदारी चांदबीबीकडे आली. कारभार मात्र कामिलखान दख्खनीच्या हातात. तो राणीला जुमानेनासा झाला तेव्हा तिने हाजी किश्वरखानाला हाताशी धरून त्याला घालवले. किश्वरखानही तसाच निघाला. याच वर्षी अहमदनगरची फौज चालून आली आणि धाराशिवजवळ विजापूरकरांनी तिचा पराभव केला. लढाईत मिळालेले हत्ती सरदारांनी आपल्याकडे ठेवले होते, ते किश्वरखानाने परत मागितले. सरदार बिथरले. बंकापूरला असलेल्या मुस्तफाखानाला कारभारी करावे असे राणीकडे बोलणे सुरू झाले. याचा सुगावा लागताच किश्वरखानाने मुस्तफाखानाचा खून करवला. मुस्तफाखान सय्यद होता, प्रेषिताच्या वंशातला मानला जाणारा. चांदबीबीने उघड संताप व्यक्त केला.

तेव्हा तिच्यावर पहिल्यांदा तो आरोप झाला. राणी आपल्या भावाला, अहमदनगरच्या मुर्तजाला, आतून फितूर आहे. त्याला विजापुरावर चाल करायला तीच सांगते. एवढे म्हणून किश्वरखानाने तिला जनानखान्यातून ओढून बाहेर काढले आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. आरोप पटण्याजोगा होता, हेच त्याचे सामर्थ्य. बाई माहेरची. माहेर शत्रूचे. लेकीच्या माहेराकडे संशयाने बघायची सवय सगळ्या सासरांना असते, मग ते कुठल्याही धर्माचे असोत.

विजापूरच्या लोकांना मात्र तो पटला नाही. फरिश्ता लिहितो की किश्वरखान रस्त्याने निघाला की बायका आणि पुरुष त्याला सय्यदाचा मारेकरी आणि चांद सुलतानचा छळ करणारा म्हणून शिव्याशाप देत. शेवटी हबशी सरदार इखलासखान उठला, किश्वरखान पळून गोवळकोंड्याला गेला आणि तिथे मुस्तफाखानाच्याच एका नातलगाने त्याला मारले. चांदबीबी साताऱ्याहून परत आली.

परत आल्यावर तिने काय केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिने हबशांचे वजन राखले आणि पेशवाई अफझलखान शिराझी या आफाकी माणसाला दिली. (शिवकाळातल्या अफझलखानाशी याचा काही संबंध नाही.) दोन्ही तटांना दरबारात जागा हवी, हा त्यामागचा विचार स्पष्ट दिसतो. तो टिकला नाही. इखलासखानाने अफझलखानाला ठार केले, आफाकी लोकांना हुसकावून लावले आणि राज्य तीन हबशी सरदारांच्या हातात गेले. ही फाटाफूट बघून अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा विजापूरला येऊन भिडल्या. वेढा जवळजवळ वर्षभर चालला. पावसाने तटाचा काही भाग ढासळला.

त्या अडचणीत हबशी सरदार स्वतः राणीकडे आले. बाकीचे अमीर आपले ऐकत नाहीत, सत्ता तुम्हीच कुणाला तरी द्या, असे त्यांनी तिला सांगितले. तिने निवडला अबुल हसन, शाह ताहिरचा मुलगा. ज्या घराण्याच्या मानापमानावरून आमचे किल्ले हलले होते, त्याच घराण्यातला. अबुल हसनने कर्नाटकात असलेले बारगीर, म्हणजे मराठा घोडेस्वार, परत बोलावले. त्यांनी वेढा घालणाऱ्यांची रसद तोडली. फौजा कंटाळून उठून गेल्या. शिया पंडिताचा मुलगा, तटावर हबशी आणि बाहेर मराठे घोडेस्वार, अशा जुळणीने विजापूर वाचले. चांदबीबीच्या राजकारणाचे याहून चांगले चित्र मला सापडत नाही.

संकट टळले आणि जुळणी मोडली. दिलावरखान हबशीने १५८२ मध्ये इखलासखानाचे डोळे काढले, अबुल हसनला आंधळे करून मारले, सुन्नी पंथ पुन्हा राज्याचा केला आणि राणीच्या हातातली सत्ता काढून घेतली. चांदबीबीने कोणता पंथ खरा यावर कधी फर्मान काढल्याचे माझ्या वाचनात तरी नाही. ती शिया घरात जन्मली आणि शिया नवऱ्याच्या घरी नांदली. पण राज्य तिला एका पंथाचे करायचे होते, असे तिच्या कुठल्याही कृतीवरून दिसत नाही. तिच्या आजूबाजूचे पुरुष मात्र दर दहा-वीस वर्षांनी ते करत राहिले.

१५८४ मध्ये इब्राहीमच्या बहिणीचे लग्न मुर्तजाच्या मुलाशी, मीरान हुसेनशी ठरले. नवरीबरोबर चांदबीबी अहमदनगरला गेली. वीस वर्षांनी माहेरी.

माहेर बिघडलेले होते. मुर्तजाला लोक ‘दिवाना’ म्हणत. १५८८ मध्ये मुलगा मीरान हुसेनने त्याचा जीव घेतला. वर्षाच्या आत मीरान हुसेनलाही मारण्यात आले आणि त्याचा सूड म्हणून शहरात आफाकी लोकांची कत्तल झाली. फरिश्ता तेव्हा तरुण होता, अहमदनगरच्या नोकरीत होता. या गोंधळातून वाचून तो विजापूरला गेला. कत्तलीनंतर सत्ता आली जमालखानाच्या हातात, आणि तो महदवी होता. जौनपूरचे सय्यद महंमद हेच वचन दिलेले महदी, असे मानणारा हा पंथ. शिया आणि सुन्नी दोघेही त्याला पाखंड म्हणत. जमालखानाने तोच राज्याचा पंथ केला. दोन वर्षांत, १५९१ मध्ये, बुलढाणा भागातल्या रोहणखेडला लढाई होऊन जमालखान पडला. मुर्तजाचा भाऊ दुसरा बुऱ्हाण गादीवर आला आणि शिया पंथ परत आला. एका पिढीने एकाच मशिदीत किती प्रकारचे खुतबे ऐकले असतील!

१५९५ च्या एप्रिलमध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा मुलगा इब्राहीम चार महिन्यांत विजापूरकरांशी लढताना मारला गेला. त्याचा तान्हा मुलगा बहादूर मागे राहिला, आणि मियाँ मंजू या दख्खनी पेशव्याने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात कोंडून अहमद नावाचा भलताच मुलगा निजामशाहाच्या वंशाचा म्हणून गादीवर बसवला. हबशांनी आणखी एक मुलगा उभा केला. आभंगखान हबशीने पहिल्या बुऱ्हाणच्या म्हाताऱ्या मुलाची, शाह अलीची, बाजू घेतली. एका गादीला चार दावेदार. मियाँ मंजूला हबशी आवरेनात, म्हणून त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावले. पुढे हबशी हरले, मियाँ मंजूला पश्चात्ताप झाला, पण मोगल निघालेले होते. किल्ला आपला माणूस अन्सारखान आणि चांदबीबी यांच्यावर सोडून, अहमदला घेऊन तो आमच्या औशाकडे निघून गेला, विजापूरची मदत मागायला.

चांदबीबीने अन्सारखानाला मारवले आणि बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली. तो तान्हा राजा चावंडच्या कैदेत, राजधानीला मोगलांचा विळखा, आणि ही त्याच्या नावाने किल्ला लढवायला उभी. विजापूरच्या इब्राहीमनंतर तिने पाठीशी घातलेले हे दुसरे मूल. दोन्ही मुले तिची नव्हेत.

डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान शहराबाहेरच्या हश्त बिहिश्त बागेत उतरले. रयतेला अभय दिले गेले. आणि लगेच मोगल सरदार शाहबाजखान कंबू, जो कडवा सुन्नी म्हणून प्रसिद्ध होता, शहरात शिरला आणि बारा इमामांचे लंगर लुटायला लावले. हे लंगर शियांची धर्मादाय जागा होती. तिथल्या लोकांचे जीव गेले, घरे लुटली गेली, रयत रातोरात गाव सोडून पळाली. मोगलांच्या छावणीतल्या शहाण्या माणसांनाही हे आवडले नाही, पण लोकांचा विश्वास गेला तो गेला. किल्ल्यातली माणसे जिवावर उदार होऊन लढली, त्याला या लुटीचाही हात आहे असे मला वाटते.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या ख्वाजा महंमदखान शिराझीला हे बघवेना. रात्री तो तटापाशी आला आणि सुरुंगांच्या जागा आतल्यांना सांगून गेला. आतून खणत खणत दोन सुरुंगांची दारू काढली. तिसऱ्यापर्यंत पोहोचतात तोच शत्रूने बत्ती दिली. १५९६ चा फेब्रुवारी, शुक्रवारचा दिवस. तटाचा मोठा भाग माणसांसकट उडाला. सरदार पळायच्या बेतात. चांदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा, हातात नागवी तलवार घेऊन खिंडारात आली. ते बघून पळणारे परत फिरले. तोफा, बाण, दारूच्या पुड्या, जे हाती लागले ते खिंडारातून सुटत राहिले. दुपारनंतर सुरू झालेला हल्ला अंधार पडेपर्यंत चालला आणि खंदक प्रेतांनी भरला. रात्रभर ती तिथेच उभी होती. सकाळी मोगलांनी बघितले तर भिंत पुन्हा उभी राहिली होती. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत घातली, ही पुढच्या काळातली आख्यायिका. पण शत्रूने तिला ‘चांद सुलतान’ म्हणायला सुरुवात केली, असे जुने इतिहासकार सांगतात.

तहात वऱ्हाड गेला. बहादूर निजामशाह म्हणून मान्य झाला. चावंडहून मुलाला आणून गादीवर बसवले. मियाँ मंजू पुन्हा अहमदला पुढे करू लागला तेव्हा विजापूरहून इब्राहीम आदिलशाहाने मध्ये पडून दोघांना आपल्याकडे नेले आणि जहागिरी देऊन गप्प बसवले. नऊ वर्षांचा असताना जिने सांभाळले, त्या चुलतीच्या मदतीला तो आता सुलतान म्हणून येत होता.

यानंतरची चार वर्षे सांगताना शाळेची पुस्तके गप्प असतात, आणि तीच चार वर्षे मराठवाड्याची आहेत. तिने नेमलेला पेशवा महंमदखान बंडखोर निघाला. त्याला काढायला विजापूरची फौज आणावी लागली. मग आभंगखान पेशवा झाला. तेवढ्यात मोगलांनी पाथरी व्यापली. वऱ्हाडाच्या तहात पाथरी येत नव्हती. आणि पाथरी म्हणजे साधे गाव नव्हे. निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष हा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला. मुसलमान झालेल्या त्याच्या वंशजांनी ते गाव लढून मिळवले आणि तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले. पंथांवरून एकमेकांचे डोळे काढणाऱ्या दरबारात ही एक आठवण शंभर वर्षे जपली गेली होती. पाथरीवरून पुन्हा युद्ध पेटले. १५९७ च्या सुरुवातीला, पाथरीपासून जवळच, सोनपेठ–आष्टीच्या परिसरात गोदावरीकाठी विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगरच्या फौजा विजापूरचा सरदार सुहैलखान याच्या हाताखाली खानखानानशी दोन दिवस लढल्या. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. दख्खनची फौज हरली.

आभंगखानाने नंतर चांदबीबीला आणि बहादूरला ताब्यात घ्यायचा डाव टाकला. तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. आपल्याच पेशव्याने आपल्याच राजधानीला वेढा घातला. मग तो बीडवर गेला, मोगलांशी लढला, परत आला. मुराद १५९९ मध्ये वारला. अकबराने दुसरा मुलगा दानियाल पाठवला. आभंगखान जुन्नरकडे पळाला, आणि १६०० मध्ये चांदबीबी पुन्हा त्याच किल्ल्यात, पुन्हा मोगलांच्या वेढ्यात, या वेळी जवळजवळ एकटी.

तिने हिशेब मांडला. बाहेरून मदत येणार नाही. दाणागोटा संपेल. किल्ला सन्मानाने देऊन, बहादूरला घेऊन जुन्नरला निघून जावे आणि तिथून राज्य पुढे चालवावे. किल्ला गेला तर परत घेता येतो, मूल गेले तर घराणे जाते. हे तिने जीताखान या खोजा सरदाराला विश्वासात घेऊन सांगितले. तो बाहेर धावत सुटला आणि ओरडू लागला की चांदबीबी मोगलांना फितूर आहे, किल्ला विकते आहे. दख्खनी शिपायांचा जमाव महालात घुसला आणि त्यांनी तिला ठार मारले. जुलै १६००.

वीस वर्षांपूर्वी विजापुरात जो आरोप झाला, तोच इथे झाला. तिथे माहेरच्या भावाला फितूर, इथे मोगलांना. तेव्हा विजापूरच्या रस्त्यावरच्या लोकांनी तो मानला नव्हता. अहमदनगरात मानला. मधल्या वर्षांत या शहराने शिया, महदवी, पुन्हा शिया, आफाकींची कत्तल, हबशी-दख्खनींची लढाई, बारा इमामांच्या लंगरची लूट एवढे सगळे बघितले होते. ज्या गावात शेजारी शेजाऱ्याला परका म्हणायला शिकतो, तिथे जीताखानाला फार ओरडावे लागत नाही. माझे हे म्हणणे कोणी नाकारू शकेल. पण त्या महालात घुसलेली माणसे मोगलांची नव्हती, हे नाकारता येणार नाही.

महिनाभरात, ऑगस्टमध्ये, सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. आत सापडलेल्या जीताखानासकट लढणाऱ्यांना मोगलांनी कापून काढले. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडले. ज्या मुलासाठी ती लढली, तो तिथेच राहिला. तिचा बेत मात्र चुकीचा नव्हता. राजधानी सोडून आडबाजूच्या किल्ल्यावरून राज्य चालवता येते, हे मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने लगेच दाखवून दिले. त्याने शाह अलीच्या मुलाला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून परांड्याला गादीवर बसवले आणि पंचवीस वर्षे मोगलांना झुंजवत ठेवले. १६०२ मध्ये खानखानानच्या मुलाशी तो आमच्या नांदेडजवळ लढला आणि जखमी झाला.

अहमदनगरबाहेरच्या डोंगरावर आठ कोनी, तीन मजली इमारत आहे. दुरूनच दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. ती खरे तर तिचा भाऊ मुर्तजा याचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. लोकांना कितीदा सांगितले तरी ते चांदबीबीचाच महाल म्हणतात, आणि मला त्यांना दुरुस्त करावेसे वाटत नाही. तिच्या आईचे चित्र पुसले गेले. हिला लोकांनी दुसऱ्याची वास्तू देऊन टाकली.

तिच्या मरणाची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः फरिश्त्यामुळे. तो ती विजापुरात बसून लिहीत होता, दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या आश्रयाला. संगीतात रमलेला, सरस्वतीची स्तुती रचणारा, रयतेने जगद्‌गुरू म्हटलेला हा सुलतान म्हणजे १५८० सालचा तो नऊ वर्षांचा मुलगा. ग्रंथालाही त्याचेच नाव दिले होते, ‘गुलशन-ए-इब्राहिमी’. चांद सुलतान कशी मारली गेली हे फरिश्त्याने आधी त्याच्यासाठी लिहिले.